अप्पांचा टाळ आणि पुण्याची मशीन

आमच्या माडीवर धूळ आणि किस्से, दोन्ही न बोलावता येऊन बसतात. धूळ मी झाडून काढतो. किस्से झाडायला मात्र कुणी तयार नाही. उलट दर बैठकीला कुणीतरी जुनाच किस्सा काढतं, त्याला थोडं तिखट-मीठ लावतं, आणि ज्याची फजिती झाली तोच सगळ्यांत मोठ्यानं हसतो. अशानं ढीग कमी होणार कसा?

आधी मंडळींची ओळख करून देतो. माझं, म्हणजे मनोहरचं, नांदेडला इन्व्हर्टर-बॅटरीचं दुकान आहे. खाली बॅटऱ्या, वर गाणी. वरच्या खोलीत रविवारी आम्ही चौघं रेकॉर्ड ऐकायला जमतो. दुसरे डॉक्टर इनामदार, कान-नाक-घशाचे. आठवडाभर लोकांच्या कानात बघतात आणि रविवारी स्वतःचे कान किती तयार आहेत ते आम्हाला सांगतात. तिसरे रफिकभाई, रेल्वेच्या ऑफिसातून रिटायर झालेले. ते गाणी ऐकायला येत नाहीत, गाणी ऐकणाऱ्यांची गंमत बघायला येतात.

आणि चौथे अप्पा, रविवारी मुद्दाम लातूरहून येणारे. डाळमिलचे मालक, कपाळावर विभूती, पांढरंशुभ्र धोतर, आणि आवाज असा की माडीवर बोलले तर खालचं गिऱ्हाईक 'ओ' देतं. उभा जन्म मिलच्या मोटारीशेजारी गेल्यावर माणूस हळू बोलायचं विसरतो, असं मी समजत होतो. खरं कारण पुढं कळलं.

यंदा अप्पांनी जाहीर केलं, "मिल आता पोरगा बघून राहिला. आता मला एक मशीन घ्यायची. तबकडीची. काचेचे दिवे पेटतात ती!"

म्हणजे टर्नटेबल आणि ट्यूब अॅम्प्लिफायर. अशी वस्तू आमच्याकडं दुकानात मिळत नाही. पुण्याच्या एका डीलरनं ईशान नावाच्या तरुणाला अख्खा सेट देऊन नांदेडला पाठवलं. आधी माडीवर ऐकायचं, पसंत पडलं तर लातूरला अप्पांच्या घरी लावून ऐकायचं, मग ठरवायचं. स्थळ बघण्याचा कार्यक्रमच म्हणा! फक्त इथं मुलगी बोलत नव्हती, गात होती.

*

ईशाननं पांढरे हातमोजे घालून खोक्यातून अॅम्प्लिफायर बाहेर काढला. वर काचेच्या नळ्या उभ्या, चालू केल्यावर आत नारंगी उजेड. "सर, हिला तापायला थोडा वेळ लागतो," असं सांगून तो उरलेल्या वायरी आणायला गाडीकडं गेला. मी गिऱ्हाईक आलं म्हणून खाली. डॉक्टर फोनवर.

परत वर आलो तर खोलीत अगरबत्तीचा धूर. उंबऱ्यावर नारळ फुटलेला. टर्नटेबलच्या फिरत्या ताटलीवर हळद-कुंकवाची पाच बोटं. आणि तापलेल्या ट्यूबांच्या गळ्यात झेंडूचा टपोरा हार! अप्पा हात जोडून उभे. खोलीभर शिजलेल्या झेंडूचा वास सुटला होता.

ईशान जिन्यातूनच ओरडला. "हे काय केलंत सर!"

अप्पांना त्यात काहीच वावगं दिसेना. "आमच्या मिलमध्ये दर दसऱ्याला मोटारीला हार घालतो. आजवर एक मोटार वरडली न्हाई. तू कामून वरडून राहिला?"

ईशाननं चिमट्यानं एकेक पाकळी काढली. रफिकभाईंनी त्याच्या हातमोज्यावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. "खा बेटा. मशीन निम्मी पास झाली."

*

या धंद्यातली एक भाषा असते. आवाज 'मोकळा' असतो, 'गडद' असतो, त्याला 'खोली' असते. डॉक्टरांना ती भाषा येते. येत नसती तरी ते बोलले असते.

ईशाननं एका गायिकेची रेकॉर्ड लावली, दिवे मालवले आणि हळूच म्हणाला, "डोळे मिटा सर. सिंगर कुठं उभी आहे, दिसतेय ना?"

डॉक्टर म्हणाले, "वा! मधोमध. थोडी मागं."

रफिकभाईंनी एक डोळा मिटला, दुसरा उघडा ठेवला. "हाव, दिसून राहिली. बरोबर पंख्याखाली उभी हाय. तिला म्हणा जरा सरका बाई, आमचा वारा अडला!"

अप्पांनी मात्र इमानदारीत दोन्ही डोळे मिटले होते. गाणं संपल्यावर म्हणाले, "बाई दिसली. गोरी हाय. आता माझी तबकडी लावा."

अप्पांची परीक्षेची रेकॉर्ड एकच. जळकोटकडच्या एका बुवांच्या भजनाची, कधीकाळी शिष्यांनी हौसेनं काढलेली. तरुणपणी अप्पा त्याच बुवांच्या मागं टाळ घेऊन बसायचे. रेकॉर्डवर टाळ दुसऱ्याचा आहे, अप्पांना त्या वेळी नेमकं कांजिण्यांनी धरलं होतं. त्याचं दुःख त्यांना अजून आहे. पण ठोका न् ठोका पाठ.

भजन सुरू झालं. बुवांचा आवाज भरून आला, मृदंग छातीवर बसला, आणि टाळ अगदी कानाजवळ किणकिणला. आम्ही तिघं खूश. अप्पा पुढं वाकून बसले होते.

"बुवा हाय," ते म्हणाले. "मृदंग हाय. टाळ कुठं हाय?"

"आहे की अप्पा! डाव्या बाजूला," डॉक्टर म्हणाले.

अप्पा डाव्या बाजूला सरकून बसले. मग उजव्या. शेवटी मान हलवली. "न्हाई. या मशीनमध्ये टाळ न्हाई."

ईशाननं सुई बदलली. सुई बदलून टाळ आला नाही म्हणून स्पीकर सरकवले. स्पीकर सरकवून आला नाही म्हणून गालिचा गुंडाळला. शेवटी तो अप्पांनाच सरकवायला निघाला होता, मी धरलं.

*

अप्पांचं आणि टाळाचं काय आहे ते सांगायला हवं, नाहीतर पुढची गंमत जाईल.

आम्ही एकदा लातूरला त्यांच्या घरी सोमवारी जेवायला गेलो होतो. सोमवारी काकूंच्या महिला भजनी मंडळाची त्यांच्याच दिवाणखान्यात बैठक असते. काकू म्हणजे महानंदाकाकू, अप्पांची बायको. काकू टाळ वाजवतात. मनापासून वाजवतात. आणि अर्धी मात्रा मागं वाजवतात!

अप्पा आतल्या खोलीत आमच्याशी तुरीच्या भावावर बोलत होते. बोलता बोलता दाराकडं तोंड करून ओरडले, "मागं पडलीस!" आणि परत तुरीच्या भावावर आले. थोड्या वेळानं पुन्हा, "मागं पडलीस!" मंडळातल्या बायकांना सवय असावी. कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही.

जेवताना काकूंनी भाकरी वाढता वाढता उत्तर दिलं. "मी मागं न्हाई पडत. तुम्ही पुढं पळता. लग्नातसुद्धा मंगलाष्टका संपायच्या आधी हार घातला होता!"

"ताल म्हणजे ताल. त्यात वाट बघायची नसती."

"मग तुम्ही व्हा पुढं, मी येते मागून."

हे भांडण लग्नापासून चालू आहे. दोघांनाही ते संपवायचं नाही, हे आम्हाला पहिल्याच दिवशी कळलं.

*

पुन्हा माडीवर. ईशाननं हार मानली नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यानं बासरीची रेकॉर्ड काढली. "सर, यात वरचे सूर इतके स्वच्छ आहेत की वादकाचा श्वाससुद्धा येतो." डॉक्टर समाधी लागल्यासारखे बसले.

आमचं घर दुकानाच्या मागंच. स्वयंपाकघराची खिडकी जिन्यात उघडते. बासरी खालच्या सुरात हळूहळू विणत होती, आणि एकदम एक लांब, तीक्ष्ण, सणसणीत सूर निघाला.

डॉक्टरांनी डोळे न उघडता मांडीवर थाप मारली. "अहाहा! बघा! कुठून कुठं नेली बासरी! हा सूर साध्या मशीनवर ऐकूच येत नाही!"

रफिकभाई म्हणाले, "डॉक्टरसाब, अजून दोनदा येईल. मग भाभी गॅस बंद करतील."

आमच्या घरचा कुकर! डाळ-भाताचा! ईशान हसायचं नाही म्हणून स्वतःचा हातमोजा चावत होता. मी तर जिन्यात जाऊन बसलो. डॉक्टरांनी आजतागायत आमच्याकडं वरण-भात खाल्लेला नाही.

पण निघताना डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. चेहऱ्यावर फजितीची खूणसुद्धा नव्हती. म्हणाले, "मनोहर, शिट्टी झाली तेव्हा मी चुकलो, कबूल. तुम्ही दचकलात. तो पोरगा दचकला. अप्पा हललेसुद्धा नाहीत. त्यांना शिट्टी आलीच नाही."

मी म्हणालो, "बासरीत रंगले असतील."

"बासरी त्यांच्या डोक्यात होती का ते मला माहीत नाही. शिट्टी कानात नव्हती."

तोवर मी या सगळ्या मशीन प्रकरणाकडं तमाशा म्हणून बघत होतो. त्या संध्याकाळी पहिल्यांदा वाईट वाटलं.

*

अप्पांना सरळ 'कान तपासा' म्हणायची कुणाची टाप? डॉक्टरांनी शक्कल काढली. "अप्पा, मशीन ऐकण्याआधी कान साफ करून घ्यावे लागतात. पुण्याला सगळे करतात."

पुण्याला करतात म्हटल्यावर अप्पा आले. मळ काढला. मग डॉक्टरांनी त्यांना काचेच्या खोलीत बसवलं, कानावर हेडफोन, हातात बटन. "आवाज आला की दाबा."

अप्पांनी दाबलं. परत दाबलं. दाबतच राहिले. डॉक्टरांच्या कागदावर तर असे कान उमटले की तसे नुकत्याच जन्मलेल्या बाळालाही नसतील. डॉक्टर चक्रावले. त्यांनी गुपचूप मशीनचा आवाज पूर्ण बंद केला. अप्पा शांतपणे बटन दाबत होते, ठेक्यात!

"अप्पा, काय ऐकून दाबताय?"

"ऐकून कुठं? तुम्ही बटन दिलं, मी भजनाच्या ठेक्यात दाबून राहिलो. मिलमध्ये बटन हातात दिलं की हात रिकामा ठेवायचा न्हाई."

मग डॉक्टरांनी तपासणी पुन्हा नीट केली, आणि नीट सांगितलं. मिलच्या आवाजानं वरचे सूर खाल्ले होते. खालचे, भरदार आवाज येत होते. बारीक, किणकिणणारे अगदी जवळून आणि जोरात वाजले तरच. जे राहिलंय तेही हळूहळू कमी होणार. कानात बसवायचं यंत्र घेतलं तर मदत होईल.

अप्पा उठले. "यंत्रानंच कान खाल्ले म्हणता, आन् परत यंत्रच घाला म्हणता? माझे कान ठीक हायेत. मशीनमध्ये टाळ न्हाई."

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मात्र त्यांनी माझा खांदा धरला आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात बोलले. "मनोहर, एकदा तो टाळ कानावर पडू दे. नंतर गेले कान तर गेले. आन् हिला सांगू नका."

"काकूंना? कामून अप्पा?"

"आरं, उभा जन्म तिला म्हणून राहिलो, मागं पडलीस, मागं पडलीस. आता कानच गेले म्हणल्यावर ती काय म्हणंल? तुमचेच कान पुढं पळत होते!"

रफिकभाईंनी गाडीचं दार उघडून धरलं.

*

तरी लातूरला सेट न्यायचा ठरला होताच. माझ्या गाडीत सगळं कोंबलं. ट्यूबा मात्र काढून वेगळ्या न्यायच्या होत्या, आणि त्यांचं पुण्याचं खोकं नेमकं माडीवर अप्पांच्या नारळाच्या पाण्यात भिजलेलं. ईशान रडकुंडीला आला.

रफिकभाई गल्लीच्या कोपऱ्यावरून अंड्यांचे दोन ट्रे घेऊन आले. रिकामे. एकेका खळग्यात एकेक ट्यूब, वरून दुसरा ट्रे उपडा, दोरीनं बांधलं. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, चाकूरच्या पुढं रस्त्यानं आमचे मणके मोजले, पण एकाही ट्यूबला ओरखडा नाही. ईशान म्हणाला, "सर, ही आयडिया मी कंपनीला देतो!"

लातूरला अप्पांच्या दारात काकू स्वागताला उभ्या. रफिकभाई सगळ्यांत पुढं, दोन्ही हातांत जपून धरलेले अंड्यांचे ट्रे.

अप्पांचं घर पक्कं लिंगायत. त्या घरात कांदासुद्धा सोमवारी दबकत येतो.

काकूंनी उंबऱ्यावर आडवा हात धरला. "रफिकभाई, तुम्ही पाव्हणे हाव, डोक्यावर घेईन. पण अंडी आत येणार न्हाईत!"

"भाभी, अंडी न्हाईत. काचेचे दिवे हायेत."

"ज्यात हायेत ते कशाचं हाय?"

इतका मोठा सेट उंबऱ्यावर अडला. अप्पा सुद्धा बायकोच्या बाजूनं गेले. शेवटी काकूच आतून पितळेची परात घेऊन आल्या, परातीत भरघोस तूरडाळ. ईशाननं ओट्यावर बसून ट्यूबा एकेक करून डाळीत रोवल्या. काकूंनी परात उचलली आणि वाजतगाजत ओटी भरावी तशी आत नेली. ट्रे रस्त्यापलीकडं ठेवले.

"मागं असाच एक जण फ्रीज घेऊन आला होता," अप्पा म्हणाले. "त्याच्या आत अंडी ठेवायची खाच होती. हिनं त्यात लिंबं भरली तेव्हा कुठं आत घेतला."

*

दिवाणखान्यात सेट लागला. सुई टेकवायच्या आधीच अप्पा म्हणाले, "गाणं नंतर. आधी सांगा, कुणाची म्हैस रवंथ करून राहिलीय?"

आम्ही कान दिले. खरंच! स्पीकरमधून सारखी घुंऽऽ अशी घरघर. खालचा आवाज, म्हणून अप्पांना आमच्याआधी आला. ईशाननं वायरी बदलल्या, प्लग फिरवले. म्हैस जागची हलेना.

हे मात्र माझ्या धंद्यातलं काम होतं. मी मागच्या अंगणात जाऊन अर्थिंगचा खड्डा बघितला. आमच्याकडं घराच्या वायरिंगसाठी जमिनीत कोळसा आणि मीठ घालून खड्डा करतात, आणि उन्हाळ्यात त्यात पाणी ओततात, माती ओली राहिली तरच अर्थिंग काम करतं. हा खड्डा कोरडा ठणठणीत.

"काकू, दोन बादल्या पाणी लागेल."

उन्हाळ्यातलं लातूर! नळाला पाणी कधी येणार ते नळालाही माहीत नसतं. काकूंनी माझ्याकडं बघितलं ते मी विसरणार नाही. "तुळशीला मी भांडी इसळलेलं पाणी घालून राहिले, आन् तुमच्या वायरीला पिण्याचं पायजे? तिला म्हणावं, टँकर येईपर्यंत कळ काढ!"

अप्पा नुसते स्पीकरकडं बघत बसले. काकूंनी त्यांच्याकडं एकदा पाहिलं आणि आत गेल्या. जरा वेळानं बाहेर आल्या त्या हातात घमेलं घेऊन. पुरणासाठी डाळ धुतलेलं, पांढुरकं पाणी. स्वतःच्या हातानं खड्ड्यात ओतलं. मग दुसरं घमेलं. मग तांदूळ धुतलेलं.

आत येऊन ऐकलं तर म्हैस गायब! स्पीकर असे गप्प की भिंतीवरचं घड्याळ ऐकू यावं.

डॉक्टर म्हणाले, "वा, काय काळोखी शांतता आहे!" ईशान मोबाईलवर घाईघाईनं काहीतरी टिपून घेत होता. अडला आणि त्यानं काकूंना अदबीनं विचारलं,

"मॅडम, डाळ तुरीची होती की हरभऱ्याची?"

*

मग अप्पांची रेकॉर्ड लागली.

माझ्या माडीवर इतकी चांगली कधी वाजली नव्हती. बुवा समोर बसून गात होते. टाळ असा स्वच्छ की प्रत्येक ठोक्यानंतरची किणकिण हवेत विरताना ऐकू यावी. रफिकभाईंनी दोन्ही डोळे मिटले होते.

अप्पा खुर्चीच्या काठावर. हात मांडीवर तयार, ठेका धरायला. हात उठलाच नाही.

बाजू संपली. डॉक्टरांनी हलकेच विचारलं, "अप्पा, आला का?"

"अजून एकदा."

अजून एकदा लावली. या वेळी ते स्पीकरच्या पुढ्यात जमिनीवर जाऊन बसले, धोतर सावरून, कान जाळीला लावून. मला तिकडं बघवेना. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

"गुंडाळा," अप्पा म्हणाले. "पोरगा लई राबला. पण टाळ न्हाई."

ईशाननं सुई उचलायला हात पुढं केला. दारातून काकू म्हणाल्या, "थांब रे बाळ."

पुरणाचे हात पदराला पुसत त्या आत आल्या. "तूच सांगत होतास ना, डोळे मिटल्यावर मशीनमधलं माणूस दिसतं म्हणून? ह्यांनी मिटलेच न्हाईत. डोळे उघडे ठेवून कुठं ऐकू येतं? मिटा म्हणावं. आन् खुर्चीवर बसा म्हणावं, जमिनीवर काय बसलात बारशाला आल्यासारखं!"

अप्पा बसले. डोळे मिटले. ईशाननं सुई टेकवली.

काकूंनी भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेले मंडळाचे टाळ काढले. अनवाणी चालत उजव्या स्पीकरच्या मागं जाऊन उभ्या राहिल्या. बुवांनी पहिली ओळ संपवली, मृदंग उचलला, आणि काकूंनी टाळ वाजवायला सुरुवात केली. आधी हळू. मग भरगच्च.

अप्पांची मान वर झाली. मांडीवरचा हात उठला, पडला, उठला. ठेका धरला!

"आला!" अप्पा ओरडले. डोळे मिटलेलेच होते, आणि त्यातून पाणी वाहत होतं. "आला रे! टाळ आला! मनोहर, ऐकून राहिला का? आला!"

"हाव अप्पा," मी म्हणालो.

भजन संपेपर्यंत काकू थांबल्या नाहीत. शेवटच्या ठोक्यानंतर टाळ मुठीत दाबून धरले, खिळ्याला अडकवले आणि आत निघून गेल्या. अप्पांनी डोळे उघडले तेव्हा स्पीकरमागं कुणी नव्हतं, आणि स्वयंपाकघरातून पुरणयंत्राचा आवाज येत होता. ईशाननं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. रफिकभाईंनी त्यात फराळाच्या ताटलीतला अख्खा लाडू घातला.

"ठरलं," अप्पा म्हणाले. "हीच मशीन. इथून हलवायची न्हाई."

पोटभर पुरणपोळ्या खाऊन आम्ही निघालो. गाडी चालू केली तसे अप्पा फाटकाबाहेर आले आणि माझ्या खिडकीत वाकले. एकदा मागं वळून घराकडं पाहून घेतलं.

"मनोहर, मशीन एक नंबर हाय. फक्त टाळ अर्धी मात्रा मागं पडतो."

मी गडबडून म्हणालो, "अप्पा, पुण्याला कळवू का? दुरुस्त करून देतील."

"खबरदार!" अप्पा गाडीच्या टपावर थाप मारत म्हणाले. "लग्नापासून तसाच पडतो. त्याला हात लावायचा न्हाई."